सहावीला पदार्थाच्या अवस्था, गुणधर्म आणि वर्गीकरण प्रयोगशाळेशिवाय कसं शिकवायचं?

तुमचा प्रश्न असा : शाळेत प्रयोगशाळा नाही, तासिका चारच आहेत, स्थायू-द्रव-वायूचा तक्ता फळ्यावर काढून दिला तर चालेल का? चालेल, पण तो चौथ्या तासिकेला द्या. पहिल्याच दिवशी तक्ता मिळाला की मुलं पुढे वस्तूकडे बघतच नाहीत, तक्त्याकडे बघून उत्तर देतात.

सुरुवात वाटीभर रव्याने करा. ‘द्रव भांड्याचा आकार घेतो’ हे वाक्य मुलांना पाठ असतं. रवा वाटीत वाटीचा आकार घेतो, पेल्यात पेल्याचा. मग रवा द्रव का नाही? वर्गातलं एखादं मूल हे विचारतंच, आणि ‘पुस्तकात स्थायू दिलंय ना, बस खाली’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. मुलाचं काही चुकलेलं नसतं, व्याख्या त्याला अर्धीच सांगितलेली असते. रवा ताटात ओता, त्याचा ढीग होतो आणि उतार तसाच राहतो. पाण्याचा ढीग होत नाही. मग भिंगाखाली एकच कण दाखवा. तो कुठल्याही भांड्यात टाकला तरी आपला आकार सोडत नाही. साखर, मीठ, वाळू सगळ्यांचं उत्तर यात येतं.

आता बर्फ. माझ्या मते या धड्यात एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा. सामान : २०० ग्रॅम बर्फ, छोटं स्टीलचं पातेलं, लाकडी चमचा आणि −१० ते ११० अंशांचा लाल अल्कोहोलचा थर्मामीटर. तापाचा थर्मामीटर अजिबात नको, त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची असते. गरम पाण्यात तो फुटतो. शेगडी नाही म्हणू नका, पोषण आहार शिजतो तिथली चालते.

बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक फोडा, त्यात दोन-चार चमचेच पाणी घाला. फ्रीजरमधून काढल्या काढल्या तो शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून कडेने पाणी सुटेपर्यंत थांबा. मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नका. दर अर्ध्या मिनिटाला एका मुलाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने फळ्यावर लिहायचा. बर्फ संपेपर्यंत आकडा शून्याला चिकटून राहतो. खालून आच चालू, वर आकडा हलत नाही, हे बघून मुलं अस्वस्थ होतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. प्रयोग फसला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं : ढवळणं थांबलं. मग वर बर्फ तरंगतो, खाली पाणी तापतं आणि थर्मामीटर चार-पाच अंश दाखवतो.

१ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, तेच पाणी शून्यावरून १०० अंशांपर्यंत तापवायला १००, आणि त्याची पूर्ण वाफ व्हायला ५४०. म्हणजे आच तीच ठेवली आणि बर्फ ४ मिनिटांत वितळला, तर पाणी उकळायला साधारण ५ मिनिटं आणि सगळं आटायला २७. पातेलं आणि हवा आपापला वाटा खातात, त्यामुळे वर्गात हे गुणोत्तर तंतोतंत येत नाही. तरी वितळण्यात किती वेळ गेला हे घड्याळावर दिसतं. पातेलं कोरडं होईपर्यंत मात्र आटवू नका.

आता उकळीचा आकडा, आणि इथे माझं जुनं भांडण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ला. थर्मामीटर ९८ला थांबतो, मुलं ९८ म्हणतात आणि त्यांना वहीत १०० लिहायला लावतात. ‘परीक्षेत १००च विचारतात’ हे समर्थन मला मान्य नाही. परीक्षेत १०० लिहू द्या, प्रयोगाच्या वहीत जे दिसलं तेच लिहा आणि शेजारी कारण : उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनांक कमी. सहावीच्या मुलाला हे कळतं. आकडा बदलून घेतला की त्याला एवढंच कळतं की बाईंना काय हवंय ते लिहायचं असतं.

वाफेचंही तसंच. किटलीच्या तोंडावर दिसणारा पांढरा ढग वायू नाही, ते पाण्याचे बारीक थेंब आहेत. मराठीत त्या ढगालाही आपण वाफच म्हणतो, म्हणून गोंधळ पक्का होतो. काळा कागद मागे धरून दाखवा : तोंडापासून पहिला एक-दोन सेंटिमीटर भाग रिकामा दिसतो, खरी वाफ तिथे आहे आणि ती दिसत नाही. पांढऱ्या ढगाजवळ मेणबत्ती न्या, ढग विरतो.

हवेला वजन असतं हे दाखवायला पट्टीच्या दोन टोकांना दोन फुगे टांगतात. सोडून द्या. फुग्यातली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दाबलेली असते, फरक ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. पट्टी झुकते ती बऱ्याचदा दोरा सरकल्यामुळे. फुटबॉल घ्या. आकार भरेल पण मऊ राहील इतपत हवा ठेवून १ ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर वजन करा, मग पंपाने टणक करा. तीन-चार ग्रॅम वाढतात. हवा दाबली जाते हे १० मिलिच्या, सुई नसलेल्या सिरिंजने दाखवा. पाणी भराल तेव्हा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पाणीही दाबलं जातं असं दिसतं.

संप्लवनाला, म्हणजे स्थायूचा द्रव न होता थेट वायू होतो हे दाखवायला, कापूर घ्या, पण उघड्या ज्योतीवर नको, त्याची वाफ पेट घेते. वाटीत चार वड्या, वाटी उकळत्या पाण्यावर, वर ताटली आणि ताटलीत थंड पाणी. काही वेळाने ताटलीच्या खाली पांढरे कण जमतात. डांबरगोळी नको : नॅफ्थलीन ८० अंशांना वितळतं, मुलांसमोर त्याचा द्रव होतो आणि तुमचं वाक्य खोटं पडतं. शिवाय त्याचा वास बंद वर्गात बरा नाही. आरतीतला कापूर हे संप्लवनाचं उदाहरण म्हणून देऊ नका, तो जळतो.

गुणधर्मांत शब्दांची काळजी घ्या. मुलांच्या लेखी घट्ट म्हणजे जड. तेल पाण्यापेक्षा घट्ट आहे आणि तरीही तरंगतं, हे दाखवल्याशिवाय ‘घनता’ शब्द काढू नका. आणि ‘पदार्थ म्हणजे काय’ विचारलंत तर वडापाव हे उत्तर येणार, त्यावर रागावू नका. वस्तू आणि पदार्थ यांतला फरक पितळेच्या तांब्यावरून सांगा : तांब्या ही वस्तू, पितळ हा पदार्थ, आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. वर्गीकरण तिथूनच सुरू होतं. मूलद्रव्याला तांब्याची तार, संयुगाला मीठ, मिश्रणाला दूध. ‘शुद्ध दूध’ही मिश्रणच, हे डेअरीवाल्याच्या भाषेपेक्षा वेगळं आहे एवढं सांगितलं की पुरे.

सांगायचं राहिलं : किटलीच्या तोंडाशी मुलांचे हात नकोत, वाफेने उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं. आणि ९८वरून माझ्यासारखं भांडायचं असेल तर थर्मामीटर आधी ठेचलेल्या बर्फात तपासा. स्वस्तातले तिथेच एक अंश इकडेतिकडे दाखवतात.