कमरेला उघड पिस्तूल लावायचा हक्क: टेक्सासमध्ये राहून माझं मत

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत साधी माणसं कमरेला पिस्तूल लावून बाजारात फिरू शकतात, हे खरं आहे का? तिथल्या घटनेनेच हक्क दिलाय तर त्यावर इतका वाद का? आणि स्वसंरक्षणासाठी भारतातही असा हक्क का नसावा?"

हो, खरं आहे. पण तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. इलिनॉयमध्ये परवाना काढून पिस्तूल लपवून बाळगता येतं, उघड लावता येत नाही. मी डॅलसच्या उपनगरात राहते, त्यामुळे टेक्सासबद्दल खात्रीने सांगते. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही, कायद्याने त्याला बंदूक बाळगायला मनाई नसेल तर, परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं. उघड लावायचं तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, असलं पाहिजे, एवढंच. शाळा, न्यायालय, मतदान केंद्र, दारूचे बार अशा जागा वगळल्या आहेत. रायफल खांद्याला लावून रस्त्याने जायला तर इथे आधीपासूनच मोकळीक होती.

रोज दिसतात का अशी माणसं? नाही. ज्यांच्याकडे पिस्तूल असतं त्यातले बहुतेक ते शर्टाखाली ठेवतात. पण अधूनमधून दिसतात. एकदा किराणा दुकानात बिलाच्या रांगेत माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ उभे होते. पट्ट्याला चामड्याचं होल्स्टर, त्यातून पिस्तुलाची काळी मूठ बाहेर आलेली, आणि ती मूठ बरोबर माझ्या ट्रॉलीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. माणूस सभ्य होता, मुलाशी दोन शब्द हसून बोललाही. मी मात्र सगळा वेळ त्याच्या उजव्या हाताकडे बघत होते. कार्ड काढायला तो हात खिशाकडे गेला तेव्हा मी ट्रॉली मागे ओढली. त्या माणसाने काहीही चूक केली नव्हती, कायदा पूर्ण पाळला होता. तरीही त्या पाच मिनिटांत दुकानातला माझा निर्धास्तपणा गेला होता, आणि तो कशाने गेला याचं उत्तर त्याच्या कमरेलाच होतं.

तुम्ही कधी इथे आलात तर दुकानांच्या दारांवरचे फलक वाचा. कायद्याने त्यांचा मजकूरसुद्धा ठरवून दिलाय: इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंचीची. दंडसंहितेच्या कलम ३०.०६ चा फलक परवानाधारकाने लपवून आणलेल्या पिस्तुलाला मनाई करतो, ३०.०७ चा उघड लावलेल्या पिस्तुलाला. काही दुकानं दोन्ही लावतात. पण कितीतरी ठिकाणी फक्त ३०.०७ असतो. म्हणजे दुकानदार सांगतो, तुझ्याकडे पिस्तूल असेल तर असू दे, बाकीच्या गिऱ्हाइकांना ते दिसता कामा नये. माझं म्हणणं नेमकं हेच आहे. शस्त्र जवळ असणं आणि शस्त्र दाखवत फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वादात दोन्ही बाजू त्यांची सारखी गल्लत करतात.

आता घटनेकडे येऊ. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची. तिच्या एकाच वाक्यात आधी शिस्तबद्ध नागरी सैन्यदलाचा उल्लेख येतो आणि मग लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क. हा हक्क त्या सैन्यदलापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर फार काळ वाद चालला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही लिहिलं. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात न्यायालयाने हा हक्क घराबाहेरही नेला. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घेऊन फिरण्याचा परवाना हवा असेल तर आपल्याला इतरांहून वेगळी, खास गरज आहे हे दाखवावं लागे. ती अट रद्द झाली. २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने मान्य केलं की घरगुती हिंसाचारामुळे ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई आदेश आहे आणि जो धोकादायक ठरलाय, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते.

भारतात अनेकांची समजूत असते की पश्चिमेकडचा जुना अमेरिकन माणूस कायम कमरेला पिस्तूल लावूनच गावात शिरायचा. पण तसं सरसकट नव्हतं. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत गुरं हाकून आणणाऱ्या गुराख्यांना बंदुका जमा कराव्या लागत, तसा फलक भर रस्त्यात लावलेला होता. अॅरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये १८८१ साली ओके कोरलपाशी जी प्रसिद्ध चकमक झाली, तिच्या मुळाशी गावात शस्त्रबंदीचा हुकूम होता आणि पोलिसांना भिडलेल्या गुराख्यांनी शस्त्रं खाली ठेवली नव्हती. खुद्द टेक्सासने १८७१ साली पिस्तूल घेऊन फिरण्यावर बंदी घातली, आणि थोड्याफार अपवादांसह ती सव्वाशे वर्षं टिकली.

ती उठली त्यामागे एक खरी आणि भयंकर घटना आहे. उघड शस्त्राला माझा विरोध असला तरी ती मी नेहमी सांगते, कारण समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं तीत आहे. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्सासमधल्या किलीन गावात ल्युबीज नावाच्या खानावळीत एकाने आपली गाडी काच फोडून आत घातली आणि जेवणाऱ्यांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. २३ जण मेले. सुझॅना हप आईवडिलांबरोबर तिथे जेवायला आल्या होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण जवळ बाळगणं बेकायदा म्हणून त्यांनी ते गाडीत ठेवलं होतं. वडील त्या माणसावर धावून गेले आणि गोळी लागून पडले. आई वडिलांना सोडून हलली नाही, तीही मारली गेली. हप पुढे शस्त्र बाळगण्याच्या हक्कासाठी लढल्या आणि १९९६ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात निवडून गेल्या. त्याआधी १९९५ मध्येच राज्याने परवाना घेऊन पिस्तूल लपवून बाळगायची मुभा दिली. त्या बाईंना 'तुम्ही पोलिसांवर भरवसा ठेवायला हवा होता' असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. पोलीस पोहोचेपर्यंतची ती मिनिटं ज्याच्या वाट्याला आली, त्याचं म्हणणं ऐकूनच घ्यायला हवं.

पण हप यांची मागणी पर्समध्ये पिस्तूल ठेवू द्या अशी होती. ते पट्ट्याला लावून चारचौघांना दाखवण्यासाठी किलीनची घटना पुढे करता येत नाही. समर्थक म्हणतात की शस्त्र दिसलं की गुन्हेगार बिचकतो. एखाददुसरा बिचकतही असेल. पण हल्ला करायचंच ठरवून आलेला माणूस पहिली गोळी कुणाला घालेल? ज्याच्या कमरेला पिस्तूल दिसतंय त्यालाच. पिस्तूल बाळगणारे माझे शेजारीही मला हेच सांगतात, आणि म्हणूनच ते शर्टाखाली ठेवतात.

उघड शस्त्रांचा गोंधळ काय असतो हे आमच्या शहराने ७ जुलै २०१६ ला पाहिलं. तेव्हा टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघड लावायची मुभा मिळून जेमतेम सहा महिने झाले होते. आदल्या दिवशी मिनेसोटात शाळेच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसांनी अडवली. त्याने स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. त्याच्याकडे परवाना होता. तरीही पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. अशा घटनांच्या निषेधार्थ डॅलसमध्ये मोर्चा निघाला होता. त्यात वीस-तीस जण खांद्याला रायफली लावून कायदेशीरपणे चालत होते. तेवढ्यात एका हल्लेखोराने पोलिसांवर गोळीबार केला. पाच पोलीस मारले गेले. गोळ्या सुरू होताच रायफलवाले जीव वाचवायला पळाले, आणि पळणाऱ्यांतला कोण हल्लेखोर आणि कोण मोर्चेकरी हे पोलिसांना कळेना. एका निरपराध मोर्चेकऱ्याचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर फिरवला. त्याने आपली रायफल आपणहून पोलिसाच्या हाती दिली होती. तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर स्पष्ट सांगितलं की जो तो रायफल घेऊन असेल तर चांगला कोण, वाईट कोण हे ओळखणं अवघड होतं. गोळीबाराच्या जागी धावत जाणं हेच ज्याचं काम, त्याचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं.

सामान्य गिऱ्हाइकाची अवस्था यापेक्षा वेगळी नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हत्याकांड झालं, त्यात २३ जीव गेले. पाचच दिवसांनी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एक विशीतला तरुण चिलखती जाकीट घालून, रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. दुकान आपल्या हक्काचा मान राखतं का ते पाहायचं होतं, असं त्याने पोलिसांना सांगितलं. मॅनेजरने आगीची घंटा वाजवली, माणसं सैरावैरा पळाली. त्याच्या हातातल्या रायफलीवर त्याचा हेतू लिहिलेला नव्हता. दुकानातल्या आईबापांनी काय समजायचं होतं? पुढच्या महिन्यात वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली की उघड शस्त्र घेऊन दुकानात येऊ नका.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र दुकानांची नाही, सभागृहांची वाटते. ३० एप्रिल २०२० ला मिशिगनमध्ये टाळेबंदीच्या विरोधात लोक रायफली घेऊन विधानभवनात शिरले आणि सज्ज्यात उभे राहिले. खाली कामकाज चालू होतं. काही सदस्यांनी अंगात बुलेटप्रूफ जाकिटं घातली होती. तेव्हा ते सगळं कायदेशीर होतं. वर बंदूक घेऊन कुणी उभं असताना खालच्याने मत मोकळेपणाने द्यायचं, ही अपेक्षा कुठल्या लोकशाहीत धरता येईल?

आणि हा हक्क सगळ्यांसाठी सारखा कधीच नव्हता. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. ते पोलिसांच्या गस्तीमागे बंदुका घेऊन फिरत, कृष्णवर्णीय वस्तीत पोलीस कसे वागतात यावर नजर ठेवत. तेही तेव्हा कायद्यात बसत होतं. आमदार डॉन मलफर्ड यांनी ते थांबवायला विधेयक आणलंच होतं, ते काही आठवड्यांत मंजूर झालं आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. भरलेली बंदूक उघड घेऊन फिरणं बंद. गोरा माणूस रायफल घेऊन उभा राहिला तर हक्क, काळा उभा राहिला तर धोका, हा फरक मिशिगन आणि मिनेसोटाच्या घटना शेजारी ठेवल्या की आजही दिसतो.

इथे येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नोकरीच्या एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. टेक्सासला परवाना लागत नाही म्हणून आपल्यालाही चालेल असं समजून मित्राबरोबर नेमबाजीला जाऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

आता भारत. ही मागणी आपल्याकडे नवी नाही आणि ती अमेरिकेकडून आलेली नाही. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. त्या अपमानाचा राग इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ती मागणी परकीय सत्तेच्या काळातली होती, आता परिस्थिती बदलली आहे. वाटेल त्याला बाजारातून वाटेल ते शस्त्र घेता आलं तर राज्य चालवणंच अशक्य होईल. आणि आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. दुरुस्ती फेटाळली गेली. मला ते त्या वेळीही योग्य होतं असं वाटतं आणि आज टेक्सासमध्ये राहून जास्तच वाटतं. ज्या समाजात काही लोकांना शतकानुशतकं दहशतीखाली ठेवलं गेलं, तिथे उघड शस्त्राचा हक्क गावात आधी कुणाच्या कमरेला दिसला असता, याचा विचार करून पाहा.

याचा अर्थ बंदूकच नको असा नाही. कुडाळ तालुक्यात माझ्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की ती बाहेर निघायची, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, पावती मिळायची, निकालानंतर परत यायची. ती खांद्याला लावून कुणी बाजारात गेलेलं मी पाहिलं नाही. १९५९ चा आपला शस्त्र कायदा अशा गरजेला जागा देतो. अर्ज नाकारला तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं, त्यावर अपील करता येतं, अशी तरतूदही त्यात आहे. व्यवहारात डुकरांनी शेत खाल्लेला शेतकरी आणि खरोखर धमक्या येणारा माणूस वर्षानुवर्षं कचेरीचे उंबरे झिजवतात, आणि ज्याची वर ओळख आहे त्याला परवाना चटकन मिळतो. तुमचा राग त्यावर असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. अर्जांचा निकाल मुदतीत लागावा, नकाराचं कारण हातात मिळावं आणि कुणाला कशासाठी परवाना दिला याची जिल्ह्याजिल्ह्यात तपासणी व्हावी, यासाठी तुम्ही आवाज उठवलात तर मी इथून सही करीन. कमरेला पिस्तूल लावून बाजारात जाण्याच्या मागणीवर करणार नाही.