शाळेत व्यावसायिक चित्रकाराला दोन दिवस बोलावलं तर आठवी-नववीच्या मुलांना खरंच फायदा होतो का? मानधन किती द्यावं?

होतो, पण त्याला सत्कारमूर्ती करून ठेवलंत तर नाही.

मी जलरंगात काम करतो. काही वर्षांपूर्वी एका हायस्कूलने मला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय यातच पाऊण तास गेला. समोर सतरंजीवर दोनशे मुलं. मागच्यांना माझी पाठ सोडून काहीही दिसत नव्हतं.

खिडकीतून दिसणारी कौलं आणि त्यामागचं पिंपळाचं झाड घेतलं. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकला आणि वर पंखा फुल्ल. कागद मध्येच सुकला, मध्येच ओला. मी घाईने त्यावर परत ब्रश फिरवला. डाग फुटले, रंग गढूळ झाला. पुढे बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आता?"

मी बोर्ड उचलला आणि व्हरांड्यातल्या नळाखाली धरला. मुलं सतरंजी सोडून नळाभोवती गोळा झाली. निळा रंग वाहून गेला, कागदावर करडी झाक तेवढी उरली. त्या झाकेवरच मी संध्याकाळ रंगवली. जाडजूड कॉटनचा कागद होता म्हणून हे जमलं. मुलांच्या ड्रॉइंग शीटचा नळाखाली लगदा होईल. म्हणून मग त्यांच्याच एका शीटवर स्वच्छ ओल्या ब्रशने रंग सैल करून फडक्याने कसा टिपायचा, तेही दाखवलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न तेव्हा आले.

स्टाफरूममध्ये तिथले ज्येष्ठ कलाशिक्षक मला म्हणाले, "पाहुण्यांनी मुलांसमोर चुकायचं नसतं. मुलांचा विश्वास उडतो." मी तेव्हा गप्प बसलो, ते मला अजून सलतं. अहो, इंटरमिजिएटच्या, म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षेच्या, पेपरला पहिल्या अर्ध्या तासात वॉश बिघडला की मुलं रडकुंडीला येतात. बिघडल्यावर पुढे काय करायचं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. तयार चित्रं त्यांनी ढिगाने पाहिलेली असतात. चित्रकार अडकतो कुठे आणि सुटतो कसा, हे समोर बसून बघायला मिळत नाही. पाहुणा त्यासाठी हवा.

मानधनाचं म्हणाल तर माझं चित्र मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये लागलं. माझ्या हातात शाल आणि नारळ. एसटीचं भाडं माझं मी भरलं. मंडपवाल्याला आपण नारळ देऊन परत पाठवतो का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा स्थानिक कलाकारांना शिकवण्यासाठी नेमा असं म्हटलंय, आणि नेमणं म्हणजे पैसे देणं. आकडा फोनवर आधीच ठरवा, प्रवासखर्च वेगळा धरा, आणि चित्र ठेवून घ्यायचं असेल तर त्याची किंमत वेगळी विचारा.

पाहुण्याने मुलांच्या कागदावर स्वतःचा ब्रश चालवू नये. चित्र सुधारतं, पण मूल ते घरी नेऊन कुणाला दाखवत नाही.

एक मात्र आहे, दोन दिवसांत कुणी चित्रकार होत नाही. वर्षभर राबतो तो तुमचा कलाशिक्षकच. त्याला विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका, रेखाकला परीक्षेच्या तोंडावर तर नकोच. सगळ्याच चित्रकारांना मुलांशी बोलता येतं असंही नाही, आधी एकदा भेटून घ्या.

आणि तीस-पस्तीसच्या वर मुलं बसवू नका. नळ जवळ असलेला वर्ग द्या, पंखा बंद ठेवा.