वाचक विचारतात : एएमवरचा रॅप आणि ग्रेग मॅक

प्रश्न : डॉ. ड्रे, ईझी-ई वगैरे लॉस एंजेलिसच्या रॅपवाल्या मंडळींबद्दल काहीही वाचायला घेतलं की ग्रेग मॅक हे नाव येतंच. हा रॅपर नाही, प्रोड्युसर नाही, मग याने नेमकं केलं काय? रेडिओवर गाणी लावणं यात एवढं काय मोठं?

उत्तर : गाणी लावणं यात काही नाही हो, पण कुठली लावायची हे ठरवण्यात सगळं आलं. मॅक आला टेक्सासमधून, ह्यूस्टनच्या स्टेशनवर काम केलेला माणूस, 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या केडे (KDAY) स्टेशनवर म्युझिक डायरेक्टर, म्हणजे कुठली गाणी लावायची ते ठरवणारा, म्हणून लागला. केडे म्हणजे 1580 एएम. आता एएम म्हणजे काय तर खरखर, मोनो आवाज आणि गाडी पुलाखाली शिरली की गाणं गायब. गाणी ऐकणारे लोक तोपर्यंत बरेचसे एफएमकडे सरकले होते, त्यामुळे या स्टेशनकडे गमवायला फारसं काही उरलंच नव्हतं, आणि माझ्या मते तीच मॅकची लॉटरी. एफएमवाल्यांना जाहिरातदार सांभाळायचे होते, रॅप म्हणजे चार दिवसांचं फॅड असं म्हणून ते लांब राहिले. मॅकने साउथ सेंट्रल आणि कॉम्प्टन या तिथल्या वस्त्यांमधली पोरं गाड्यांमधून काय वाजवतात तिकडे कान दिला आणि तेच उचलून हवेत सोडलं. दिवसभर रॅप लावणारं पहिलं स्टेशन म्हणून केडेचं नाव आजही घेतात ते त्याच्यामुळे.

बरं, नुसत्या न्यूयॉर्कहून आलेल्या रेकॉर्ड लावून तो थांबला नाही. शहरात सामान घेऊन फिरणाऱ्या डीजेंचे ग्रुप हॉल भाड्याने घेऊन पार्ट्या गाजवत होते, त्यातल्या वर्ल्ड क्लास रेकिन क्रूमधले दोघे, डॉ. ड्रे आणि डीजे येला, त्याने मिक्स, म्हणजे एकात एक गुंफलेली गाणी, बनवायला धरले. संध्याकाळी ऑफिसं सुटून रस्ते तुंबले की यांचा मिक्स लागायचा, त्याचं नावच ट्रॅफिक जॅम! लॉस एंजेलिसमध्ये त्या वेळेला माणूस गाडीत अडकलेला असतो, रेडिओ सोडून जाणार कुठे? दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या तबकड्यांवर, गाण्याची नाळ गाण्याला जोडायची ही क्लबमधली कला अशी घराघरात, खरं तर गाडीगाडीत पोचली.

प्रश्न : म्हणजे रेडिओवर रॅप आणणारा पहिला माणूस हाच का?

उत्तर : नाही नाही. न्यूयॉर्कचा मिस्टर मॅजिक, खरं नाव जॉन रिवास, त्याच्या आधीचा. त्याने सुरुवातीला डब्ल्यूएचबीआय स्टेशनवर चक्क स्वतः पैसे भरून वेळ विकत घेतली होती, मग 1982 मध्ये डब्ल्यूबीएलएस या मोठ्या स्टेशनवर गेला. फिलाडेल्फियात लेडी बी नावाची रेडिओ डीजे होती. पण हे सगळे आठवड्याचे काही तास, मॅकने आख्खं स्टेशन वळवलं, फरक तिथे आहे.

प्रश्न : तो पार्ट्याही भरवायचा आणि गाणीही तोच निवडायचा, मग हा सरळ वशिला नाही का झाला?

उत्तर : चांगलं पकडलंत. स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे कॉम्प्टनचं स्केटलँड वगैरे, स्टेशनच्या नावाने डान्स व्हायचे, लोकल ग्रुप तिथे गायचे, ड्रे, येला, ईझी-ई यांच्या एनडब्ल्यूए या ग्रुपचे सुरुवातीचे शो स्केटलँडलाच झाले. आता जो माणूस स्टेज देतो तोच हवेतही वेळ देतो म्हटल्यावर शंका येणारच. अमेरिकेत गुपचूप पैसे घेऊन गाणी वाजवणं याला पेओला म्हणतात आणि 1960 पासून तो कायद्याने गुन्हा आहे, पण ओळखीपाळखी, देवाणघेवाण याला कुठला कायदा लागणार. मला विचाराल तर रिंकचा उलटा फायदा जास्त झाला. ऑफिसात बसून ज्याला गाणी निवडायची तो चार्ट, म्हणजे खपाच्या याद्या, बघतो, याला समोर पोरं नाचताना दिसायची आणि गाणं पडलं की रिंक रिकामी झालेली पण दिसायची. टॉडी टी नावाच्या पोराने घरांच्या भिंती फोडून आत शिरणाऱ्या पोलिसांच्या चिलखती गाडीवर, म्हणजे बॅटररॅमवर, घरीच टेपवर गाणं केलं होतं, टेप हातोहात फिरली आणि 1985 मध्ये ते केडेवर पण वाजायला लागलं. चार्ट बघून कोणी हे लावलं असतं का?

प्रश्न : शिव्यांचं काय? आणि गँगची मारामारी?

उत्तर : शिव्या रेडिओवर चालत नाहीतच. ईझी-ईचं बॉइझ-एन-द-हूड मॅककडे आलं तेव्हा त्याचं म्हणणं सरळ होतं, आधी शब्द साफ करून आणा. त्यांनी रेडिओसाठी वेगळं व्हर्जन केलं आणि त्याच गाण्याला फोनवर धडाधड फर्माइशी यायला लागल्या.

मारामारीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. ऑगस्ट 1986 मध्ये लाँग बीच अरीनात रन-डीएमसी या न्यूयॉर्कच्या रॅप ग्रुपच्या शोत गँगवाले एकमेकांवर तुटून पडले, 40 च्या वर लोक जखमी झाले आणि पेपरांनी सगळं खापर रॅपवर फोडलं. ऑक्टोबरमध्ये केडेने हवेवर शांततेचा दिवस ठेवला, रन-डीएमसी आणि गायक बॅरी व्हाइट स्टुडिओत बसले आणि गँगमधली पोरं फोन करून बोलली. एका दिवसाने गँग थोडीच संपतात, नाहीच संपल्या. पण त्या पोरांना फोन करावासा वाटेल असं दुसरं स्टेशन तेव्हा शहरात कुठलं होतं, मला तरी सुचत नाही.

प्रश्न : एवढं जोरात होतं तर बंद का पडलं?

उत्तर : एएम होतं म्हणून, दुसरं काय. रॅपमध्ये पैसा आहे हे दिसल्यावर एफएमवाले पण त्यात उतरले, आणि तीच गाणी स्टिरिओत स्वच्छ मिळत असतील तर खरखर कोण ऐकणार? 1991 मध्ये 1580 वर गाणी थांबली आणि बिझनेसच्या गप्पा सुरू झाल्या. केडे हे नाव 2004 मध्ये परत आलं, 93.5 एफएमवर, आता तिथे जुनी हिपहॉप गाणी लागतात.