ग्रोथ फॅक्टर मोकळे फिरतातच, मग कॅन्सरच्या पेशी पुटिका कशाला सोडतात?

पुटिका म्हणजे पेशीतून बाहेर सुटणाऱ्या, पडद्याने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या. त्या 'कशाला' सोडतात हे सांगणं अवघड, पण त्यांनी काय होतं ते सांगतो. माझं रोजचं काम पेशी वाढवण्याचं आहे.

नेहमीचा हिशेब असा की ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन, पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो आणि आत 'वाढ' म्हणून निरोप जातो. रिसेप्टरच नसेल तर कितीही ग्रोथ फॅक्टर ओता, पेशी ढिम्म. पुटिका इथेच घोळ घालतात, कारण त्या रिसेप्टरही पोचवतात.

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर घ्या. त्यातल्या काही पेशींवर ईजीएफआरचा, म्हणजे ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरचा, एक तुटका प्रकार असतो. बाहेरचा बराच भाग गायब, त्यामुळे ईजीएफ त्याला चिकटत नाही, तरी तो कायम चालूच. बटण अडकून बसलेली दाराची बेल म्हणा. २००८ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात यानुश राक यांच्या गटाने दाखवलं की हा रिसेप्टर पुटिकांवर बसून शेजारच्या पेशींकडे जातो. ज्यांच्या जनुकात हा बिघाड नाही, त्यांच्याही पडद्यावर तो दिसू लागला आणि वाढीचा निरोप आत नेणाऱ्या एमएपीके, एकेटी या साखळ्या पेटल्या. गंमत म्हणजे याच विद्यापीठात १९८०च्या दशकात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कच्च्या लाल पेशींमधून निघणाऱ्या पुटिका पाहत होत्या. तेव्हा या पुटिकांना पेशीचा केरकचरा समजत.

पुटिका मोकळ्या ग्रोथ फॅक्टरचा रंगही बदलतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींच्या पुटिकांवर व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या ग्रोथ फॅक्टरचा एक जोडून मोठा झालेला प्रकार सापडलाय. आपलं काम तो करतो, पण त्याला रोखायचं औषध, बेव्हासिझुमॅब, त्याला नीट पकडत नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मात्र या विषयावरचा शोधनिबंध वाचाल तेव्हा आधी कंट्रोल, म्हणजे पुटिकांशिवाय केलेला तुलनेचा प्रयोग, बघा. आम्ही एकदा पेशींवर पुटिका घातल्या, ईआरके (एमएपीके साखळीतलाच एक दुवा) झकास पेटला, सगळे खूश. मग ज्याला पेशी कधी शिवल्याच नव्हत्या अशा नुसत्या मीडियमचा (पेशी वाढवायच्या द्रवाचा) फिरवून खाली बसलेला गाळ घातला, तर तोही पेटला! मीडियममधल्या वासराच्या सिरममध्ये वासराच्याच पुटिका होत्या. दोन महिने पाण्यात. आता सिरम आधी रात्रभर १,००,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने) फिरवतो, म्हणजे पुटिका तळाला बसतात, आणि वरचंच पाणी वापरतो.