लेक गाते, जावई ढोलकीवर. नोकरी सोडावी का?

ताई,

तुमची २४ वर्षांची लेक बी. ए. करून गाण्याच्या शिकवण्या घेते, जावई लोट्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहेत आणि ढोलकी वाजवतात. नमन, जाखडी, गण-गवळण असा कोकणातल्या लोककलांचा दोघांचा कार्यक्रम चिपळूण-गुहागर भागात चालायला लागलाय, म्हणून जावई नोकरी सोडायचं म्हणताहेत. ‘दोघंही एकाच नादाला लागली तर चूल कशी पेटायची?’ असं तुम्ही विचारलंय.

काळजी रास्त आहे. पण घरात दोन कलाकार असणं ही अडचण नाही. दोघांत मिळून सुपारी एकच, ही खरी अडचण. कुणाचा घसा बसला, हात दुखावला, उद्या बाळंतपण आलं, की दोघांचीही मिळकत एकदमच थांबणार. म्हणून राजीनाम्याआधी बघा, लेकीला दुसऱ्या ढोलकीवाल्याबरोबर आणि जावयांना दुसऱ्या गाणाऱ्याबरोबर अख्खा कार्यक्रम निभावता येतो का? जावयांना ते फार जड जाऊ नये. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या सवाल-जवाबाच्या मंडळांना चांगला ढोलकीवाला हवाच असतो, मुंबईतल्या सामन्यांनासुद्धा.

आपल्याकडचा हंगाम तुम्हाला मी काय सांगायचा! दिवाळीनंतर जत्रा, मग शिमगा, मे महिन्यात चाकरमानी आले की पूजा नि लग्नं. मिरगाचा पाऊस लागला की गणपतीपर्यंत सगळं थंड. मेमधला पैसा त्या दिवसांत पुरवायचा, आणि त्यातूनच साउंडवाला, टेम्पो, कोरसची पोरं यांचंही भागवायचं. एका पूर्ण वर्षाचा जमाखर्च वहीत लिहू द्या. सगळं वजा जाऊन पावसाळाही निघत असेल, तर जावयांना अडवू नका. तोवर नोकरी राहू दे.

पत्रात तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट मला खटकली. कार्यक्रम संपला की लेकीला साडी-नारळ आणि पाकीट जावयांच्या हातात! मान मिळतो हे चांगलंच, पण पाकिटातला तिचा वाटा तिच्या खात्यात जाऊ दे आणि पत्रिकेवर तिचं पूर्ण नाव छापून येऊ दे. ‘आणि सौ.’ नको. पुढे कुठल्याही योजनेत कलाकार म्हणून पुरावा मागतील, तो तिचा स्वतःचा हवा.

त्यातली एक योजना लगेच बघण्यासारखी आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये शिष्यवृत्ती देतं. लोकसंगीतही त्यात येतं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं. तिचं वय बघता यंदाची जाहिरात चुकवू नका. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रात स्वरचाचणीचीही चौकशी करा. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत एम. ए. करता येतं, पण बसलेला जम मोडून आत्ताच मुंबईला जा, असं मी म्हणणार नाही.

आणि हो, गाणी रेकॉर्ड करून देतो म्हणत कुणी एकरकमी पैशांत ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद पुढे केला, तर सही करू नये. पारंपरिक गाणं सगळ्यांचं असलं तरी आपल्या सादरीकरणावर कलाकाराचा कायद्याने ५० वर्षं हक्क असतो. जमेल तेव्हा स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या चॅनलवर टाकावं.

वर्षाचा हिशेब झाला की पुन्हा लिहा. मात्र पुढचं पत्र त्या दोघांनी लिहावं, तुम्ही नव्हे.