ठिबकवर सेंद्रिय केळी करायची आहे, आधी जमिनीत गाडायला ताग घ्यावा की धैंचा? आणि ठिबकमुळे हिरवळीचं खत, म्हणजे असं गाडलेलं हिरवं पीक, नीट कुजत नाही, हे खरं का?

हे दुसरं वाक्य मी आठ वर्षं आमच्या जिभाऊंच्या तोंडून ऐकतोय, म्हणून लिहितोय.

चोपडा तालुक्यात आमचं सामाईक रान आहे. कांदेबागेसाठी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावायच्या केळीसाठी, जूनमध्ये ताग पेरला, एकरी पंचवीस किलो. पंचेचाळिसाव्या दिवशी पिवळी फुलं डोकावायला लागली. मी म्हटलं, आता रोटाव्हेटर मारू. जिभाऊ म्हणाले, "राहू दे, अजून वाढेल, जास्त पाला मिळेल." थोरले चुलत भाऊ, त्यांच्यापुढे कोण बोलणार? गाडला तेव्हा सत्तर दिवस झाले होते आणि पावसानं तोंड फिरवलेलं. ऑक्टोबरमध्ये रोपं लावली, नळ्या अंथरल्या. नोव्हेंबरात पानं फिकी पडली. दोन ओळींच्या मधे कुदळ मारली तर तागाची काडी जशीच्या तशी. सोलली तर पांढरी दोरीच निघाली, बैल बांधावा अशी! जिभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, ताग सडना नही, वाळना. तुनं ठिबक!"

ठिबक फक्त मुळाजवळ ओल धरतं, मधला पट्टा कोरडा राहतो आणि कोरड्यात काहीच कुजत नाही, इथपर्यंत ते बरोबर. पण म्हणून पाट पाणी द्यायचं? आमच्या विहिरीत तेवढं पाणी असतं तर ठिबक कशाला आणलं असतं? चूक जून काडीची होती. जून काडी कुजताना जमिनीतलाच नत्र ओढते, आणि सेंद्रियात वरून युरिया टाकून सुटका नाही.

तेव्हा फुलं दिसली की गाडा, जमिनीत पावसाची ओल असतानाच. लावणीपर्यंत दीड-दोन महिने ठेवा. उघडीप पडली तर नळ्या सरकवून मधला पट्टा भिजवा.

धैंचा पाणी साचणाऱ्या, चोपण (सोडियम वाढून घट्ट, चिकट झालेल्या) जमिनीला. निचरा असेल तर ताग.

हां, हे सगळं कांदेबागेचं. तुमची मृगबाग, म्हणजे जून-जुलैची लावण, असेल तर लावणीआधी पावसाचे दिवसच मिळत नाहीत, शेणखतच बघा.

जिभाऊंनी गेल्या वर्षी त्यांच्या वाट्यात ताग बरोबर पंचेचाळिसाव्या दिवशी गाडला. मस्त कुजला. विचारलं तर म्हणतात, पाऊस चांगला होता.