मागावरून उठवायलाच शाळेत घातलं, मॅडम!

एखादी शाळा सहावी ते आठवीसाठी संस्कृतीवर आधारलेला एकात्मिक अभ्यासक्रम सुरू करते, तेव्हा पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या नादात गणित-विज्ञान मागे पडणार नाही ना? प्रश्न रास्त आहे आणि वेळापत्रक पुढे ठेवून त्याचं उत्तर देता येतं. पण काही पालक हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या पोटात वेगळंच काही असतं. अशाच एका घराची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शाळा सोलापुरातली. सातवीच्या वर्षाचा विषय होता ‘कापड’. सोलापुरात या विषयासाठी लांब जावंच लागत नाही. 1877 मध्ये सुरू झालेली आणि आता बंद पडलेली जुनी मिल, चादरी नि टॉवेल, पूर्व भागातले यंत्रमाग, तेलंगणातून येऊन इथलीच झालेली विणकर घरं, सगळं हाकेच्या अंतरावर. आठवड्यातून तीन दुपारी या विषयाच्या, बाकीचे तास नेहमीसारखे. विज्ञानात कापसाचा तंतू आणि रंगाचं सांडपाणी. भूगोलात काळी माती. इतिहासात 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, आणि 12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. भाषेच्या तासाला घरातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती; मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत मिळतील त्या.

कार्यक्रम चांगला होता. पालकसभेत त्याची ओळख मात्र फार वाईट करून दिली गेली. रंगीत स्लाइड आणि ‘मातीशी नाळ’, ‘मुळांकडे’, ‘समृद्ध वारसा’. असे शब्द वाढले की मागच्या रांगेतले पालक घड्याळ बघायला लागतात, आणि मला तरी त्यांचंच बरोबर वाटतं. गणिताचे किती तास, परीक्षा कशी, वही कोण तपासणार, हे कुणी सांगितलंच नाही.

त्यानंतर त्या घरातले आई-वडील सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरी विड्या वळते. मुलगा सातवीत, हुशार, पण ‘कापडा’च्या दुपारी त्याचं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. वडिलांनी गणिताचं विचारलं, मी वेळापत्रक दाखवलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही सैल झाला नाही. जाता जाता दारातून वळून म्हणाले, “मॅडम, मागावरून उठवायलाच त्याला शाळेत घातलं. तुम्ही परत मागावरच नेताय.”

मी त्यांना पुन्हा बसवलं. ही भीती एकट्या त्यांची नाही. 1937 च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या ‘नयी तालीम’ या शिक्षणयोजनेत हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी होता, तेव्हाही यावर वाद झाला होता. 1953 मध्ये मद्रास राज्यात अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ बापाचा धंदा अशी योजना आली, तेव्हा ‘जातीचा धंदाच पोरांच्या माथी मारता’ म्हणून लोक उठले आणि 1954 मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्यामुळे “अहो, तसं काही नाही” असं म्हणून या बापाची समजूत काढणं मला पटेना.

मुलाशी वेगळं बोलले. तो उलगडायला वेळ लागला. त्याने मित्रांना सांगितलं होतं, पप्पा कंपनीत आहेत. आणि बाईंनी, अगदी कौतुकाने, भर वर्गात म्हटलं होतं, “तुमच्याकडे तर माग असतो ना, तूच सांग सगळ्यांना धोटा कसा पळतो.” धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळतो तो. पोट तिथून दुखायला लागलं होतं. आता त्या बाईंना दोष देऊन काय होणार? मुलाला मान मिळावा असंच त्यांना वाटत होतं. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या घरची गरिबी त्याला न विचारता फळ्यासमोर उभी केली, तर तो त्याला मान वाटत नाही.

शाळेशी बोलणं झालं त्यात दोन गोष्टी ठरल्या. घरच्या कामाबद्दल कुठल्याच मुलाला वर्गात थेट विचारायचं नाही. सांगायचं की नाही ते त्याने ठरवायचं. आणि कांड्या (धोट्यात बसणारी सुताची रिळं) भरण्यापासून हिशेबापर्यंत सगळी कामं प्रत्येक गटात फिरती ठेवायची. पालकांनी हे जरूर बघावं. डॉक्टरांचा मुलगा नुसता अहवाल लिहितोय आणि विणकराचा मुलगा नुसती कांडी भरतोय असं दिसलं, तर तक्रार करायला हवी. गणिताबद्दलही शाळेने एक शहाणपणाचं काम केलं: जे विषयात नैसर्गिकपणे बसत नाही ते वेगळं शिकवायचं. ऋण संख्या ओढूनताणून चादरीत कोंबल्या की ना चादर कळते, ना ऋण संख्या.

जे बसतं, ते मात्र सुंदर बसतं. सुताचा नंबर घ्या. 840 यार्डांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लडी तितका सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरच्या एक पौंड सुताची लांबी 33,600 यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक होतं. मुलांना हे उलटं वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात मोठा नंबर म्हणजे जाड. एकदा वहीत हाच प्रश्न आला आणि मुलगा घरी अडला. वडिलांनी दोन सुतं बोटांत चोळून फरक दाखवला. एका यार्डाचं वजन आणि नंबर यांचं व्यस्त प्रमाण मुलाने स्वतःच मांडलं. मला हे आईने सांगितलं. वडील गप्पच होते.

पुढे शाळेने त्यांना वर्गात बोलायला बोलावलं. मुलाला विचारून, आणि एका बँक अधिकाऱ्यासारखंच रीतसर पत्र देऊन. ते लगेच हो म्हणाले नाहीत. मग एक अट घातली: “नुसती नक्षी दाखवू नका. मजुरी कशी मिळते तेही शिकवा. चादरीमागे किती, माग बंद राहिला तर किती, उचल घेतली तर हातात काय उरतं.” गणिताच्या सरांनी त्यावर गणितं तयार केली. तो धडा शाळेच्या मूळ आराखड्यात नव्हता, आणि माझ्या मते त्या वर्षातला तोच सगळ्यात चांगला.

मुलगा आता ‘कापडा’च्या दुपारी घरी राहत नाही. पप्पा काय करतात ते त्याने मित्रांना सांगितलं की नाही, मी विचारलेलं नाही. वडिलांनी गणिताची शिकवणी बंद केलेली नाही, आणि मीही तसं सुचवलं नाही. दोन चाचण्यांचे गुण बघूनच ठरवतो, म्हणाले.